पंखे फिरतात, पण पडदा काळाच

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या रूपांत आली आहे: सुटे भाग आणून घरी कॉम्प्युटर जोडला आणि तो 'चालूच होत नाही'. पण चालू न होण्याचे प्रकार निदान चार आहेत. बटण दाबल्यावर काहीच हलत नाही. पंखे क्षणभर फिरून थांबतात. सगळं फिरतं पण मॉनिटर काळा राहतो. किंवा बायोस, म्हणजे बोर्डातलाच सुरुवातीचा प्रोग्रॅम, दिसतो पण विंडोज येत नाही. लिहिताना यांतलं नेमकं काय होतं ते कळवा, आणि प्रोसेसर व बोर्डाचा (मदरबोर्डचा) पूर्ण नंबर शेवटच्या अक्षरासकट लिहा. ते अक्षर किती महागात पडतं, ते पहिल्याच पत्रात दिसेल.

प्रश्न (चोपडा): रायझन 5 5600, बी450 बोर्ड, 8-8 जीबीच्या दोन रॅम, 550 वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). ग्राफिक कार्ड पुढच्या हंगामानंतर घेणार आहे. पंखे फिरतात, मॉनिटरवर 'नो सिग्नल'. एचडीएमआय केबल बोर्डाच्या मागे लावली आहे. दुकानदार म्हणतो, बोर्ड गेला.

उत्तर: बोर्ड बहुधा ठणठणीत आहे. 5600 मध्ये ग्राफिक्सच नाही, ते 5600जी मध्ये असतं. बोर्डाच्या पाठीवर एचडीएमआयचा पोर्ट दिसतो म्हणून आपण फसतो. चित्र तयार करणारा भाग प्रोसेसरच्या पोटात नसेल तर तो पोर्ट नुसता शोभेचा. इंटेलमध्ये खूण उलटी आहे: 12400 ला डिस्प्ले येतो, 12400एफ ला येत नाही. तेव्हा आधी कोणाकडून तरी एखादं जुनं ग्राफिक कार्ड तासाभरासाठी मागून आणा आणि केबल त्या कार्डाला लावा.

कार्ड लावूनही पडदा काळाच राहिला, तर बायोसवर संशय घ्या. बी450 बोर्ड 2018 साली बाजारात आला, 5600 हा 2022 चा. बरेच दिवस गोदामात पडलेल्या बोर्डातला जुना बायोस या प्रोसेसरला ओळखतच नाही. बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे चार बारीक दिवे असतील, तर त्यांतला सीपीयूचा दिवा पेटून राहतो. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर 'सीपीयू सपोर्ट' यादी असते. तिच्यात 5600 समोर बायोसचा कोणता नंबर लिहिला आहे ते पाहा.

बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशचं बटण असेल तर काम घरीच होतं. पेनड्राइव्ह फॅट32 मध्ये फॉरमॅट करा, उतरवलेली फाइल उलगडून कंपनीने पुस्तिकेत दिलेलं नाव तिला द्या, ठरवून दिलेल्या यूएसबी पोर्टातच पेनड्राइव्ह लावा, 24 पिनची आणि सीपीयूची 8 पिनची वायर जोडा आणि बटण काही सेकंद दाबून धरा. दिवा लुकलुकू लागेल. तो थांबेपर्यंत, म्हणजे पाच-सात मिनिटं, कशालाही हात लावू नका. हे काम भारनियमनाची वेळ पाहून किंवा इन्व्हर्टरवरच करा. बटण नसेल तर दुकानदाराकडून रायझन 2000 मालिकेतला प्रोसेसर तात्पुरता लावून बायोस बदलून घ्या. बोर्ड त्याने विकला आहे, एवढं त्याने करायलाच हवं.

प्रश्न (यावल): आय5-12400, बी660 मायक्रो एटीएक्स बोर्ड, नवीन कॅबिनेट. बटण दाबलं की पंखे अर्धा सेकंद थरथरतात आणि बंद. पुन्हा दाबलं तर काहीच होत नाही. मागचा स्विच बंद करून मिनिटभराने लावला की पुन्हा एक थरथर.

उत्तर: मागचा स्विच बंद केल्याशिवाय दुसऱ्यांदा थरथर येत नाही, हीच तुमच्या पत्रातली कामाची ओळ. एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट जाणवतो, तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो आणि वीज तोडेपर्यंत बंदच राहतो. शॉर्ट शोधायचा आहे. बटण पुन्हा पुन्हा दाबण्यात अर्थ नाही.

पहिला संशय स्टँडऑफवर, म्हणजे बोर्डाखालच्या पितळी नटांवर. कॅबिनेट मोठ्या एटीएक्स बोर्डासाठी बनवलेलं असतं आणि कारखान्यातून त्याच मापाने नट बसवून येतं. मायक्रो एटीएक्स बोर्ड आखूड असतो. खालच्या रांगेतला एखादा नट बोर्डाच्या भोकाखाली न येता पाठीवरच्या डाखाला टेकतो आणि 12 व्होल्ट थेट पत्र्यावर उतरतात. बोर्ड बाहेर काढा, भोकं मोजा, तेवढेच नट ठेवा, बाकीचे पान्याने काढून टाका. बोर्डाच्या पाठीवर कुठे गोल चरा उठला आहे का, तेही उजेडात पाहा.

बोर्ड बाहेर आलाच आहे तर तो बोर्डाच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालवा. चंदेरी पिशवीवर नको, तिचा बाहेरचा थर वीज वाहू शकतो. फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम, 24 पिन आणि सीपीयूची 8 पिन एवढंच लावा. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत. कॅबिनेटची एकही वायर नको. बोर्डाच्या खालच्या कडेला पॉवर स्विचच्या दोन पिना असतात. त्यांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं की बटण दाबल्यासारखंच होतं. असं चालू झालं तर दोष कॅबिनेटमध्ये: नट, पुढच्या यूएसबीची वाकडी पिन, किंवा अडकून बसलेलं बटण.

तरीही थरथरच असेल तर वायरी तपासा. सीपीयूची 8 पिन वायर 4 अधिक 4 अशी फुटते, ग्राफिक कार्डाची 6 अधिक 2 अशी. दोन्हींतल्या 12 व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट्यापालट्या आहेत. खाचांचा आकार वेगळा असल्यामुळे चुकीची वायर सहज बसत नाही, पण जोर लावून बसवणारे असतात. एसएमपीएस मॉड्युलर, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या वायरींचा, असेल तर वायरी त्याच्याच खोक्यातल्या हव्यात. दुसऱ्या एसएमपीएसची वायर बसते, पण एसएमपीएसच्या टोकाला पिनांचा क्रम निराळा असू शकतो, आणि मग बोर्ड किंवा डिस्क जळते.

वायरी ठीक असतील तर एसएमपीएस एकटा तपासा. सगळं सुटं करून 24 पिनमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरला पेपरक्लिपने जोडा आणि मग मागचा स्विच लावा. पंखा फिरायला हवा. वायरी सगळ्या काळ्याच असतील तर पुस्तिकेत 16 नंबरची पिन शोधा. मल्टिमीटरवर 12 व्होल्टच्या वायरीत 11.4 ते 12.6 आणि 5 च्या वायरीत 4.75 ते 5.25 इतकं चालतं. भार नसताना आकडे बरोबर आले म्हणजे एसएमपीएस निर्दोष ठरला असं नाही, पण चूक आले तर तो नक्की गेला. शेवटी प्रोसेसर काढून सॉकेटवर टॉर्च तिरपा मारा आणि मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहा. या सॉकेटमध्ये 1700 पिना आहेत, आणि रांगेत एकीची चमक वेगळ्या दिशेला दिसली की ती वाकली आहे. ती सरळ करण्याचा मोह टाळा.

प्रश्न (शहादा): डिस्प्ले येतो, बायोसही उघडतो, पण तीन-चार मिनिटांत आपोआप बंद. उन्हामुळे होत असेल का?

उत्तर: कूलर काढा आणि त्याच्या बुडाची पारदर्शक फिल्म सोलली होती का ते पाहा. दहातल्या दोघांकडून ती राहून जाते, असं म्हटलं तर कोणी रागावू नये. ती नसेल तर जुनी पेस्ट पुसा, वाटाण्याएवढी नवी लावा, चारही स्क्रू एकाआड एक कोपऱ्याने थोडे थोडे आवळा, आणि पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच लावा. मे महिन्यात खोलीच 40 अंशांवर असली तर बायोसमध्ये 55-60 दिसणं साहजिक आहे. आकडा डोळ्यांदेखत 90 च्या वर चढत गेला तर दोष उन्हाचा नाही, कूलरचा.

प्रश्न (भुसावळ): मुलाने रायझन 5 7600, बी650 बोर्ड आणि 16-16 जीबीच्या दोन डीडीआर5 रॅम लावल्या. डीरॅमचा पिवळा दिवा पेटतो, पडदा काळा. दोन मिनिटं वाट पाहून बंद करतो, परत लावतो, पुन्हा तेच. रॅम बदलून आणली तरी फरक नाही.

उत्तर: ताई, दोन मिनिटांत बंद करतो, तिथेच चुकतंय. या पिढीचा बोर्ड पहिल्यांदा चालू होताना रॅमशी जुळवून घेण्यासाठी एकेक वेळमाप तपासतो. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि तेवढा वेळ पडदा काळा व पिवळा दिवा चालू असतो. मध्येच बंद केलं की सगळं पहिल्यापासून. रॅम बदलली, बोर्डावरचा गोल सेल काढला, तरी पहिल्यापासून. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहे ना, दोन्ही टोकांना खट्ट आवाज येईपर्यंत दाबली आहे ना, एवढं पाहा. मग चालू करा आणि पंधरा मिनिटं खोलीबाहेर जा. तरीही नाही आलं तर दुसऱ्या खाचेत एकच रॅम ठेवून पुन्हा पंधरा मिनिटं. या प्रोसेसरमध्ये साधं ग्राफिक्स आहे, त्यामुळे कार्ड नसलं तरी बोर्डाच्या एचडीएमआयवर डिस्प्ले येईल. रॅमचा वेग वाढवणारं एक्स्पो विंडोज नीट बसल्यावरच चालू करा.

प्रश्न (धुळे): जुन्या कॉम्प्युटरची एसएसडी नव्या 12 व्या पिढीच्या इंटेल बोर्डाला लावली. बायोसमध्ये तिचं नाव दिसतं, पण बूट यादीत येत नाही.

उत्तर: जुनं विंडोज लेगसी म्हणजे जुन्या बूट पद्धतीने, एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर बसवलेलं असणार. नवा बोर्ड यूईएफआय या नव्या पद्धतीनेच बूट करतो. जुनी पद्धत चालवणारा सीएसएम पर्याय प्रोसेसरमधलं ग्राफिक्स वापरताना मिळणारच नाही. एसएसडी जुन्या कॉम्प्युटरला परत लावा, डेटाची नक्कल घ्या आणि विंडोज 10 मधलं, डिस्कची मांडणी बदलणारं एमबीआरटूजीपीटी हे साधन आधी व्हॅलिडेट (तपासणी) आणि मग कन्व्हर्ट (बदल) असं चालवा. मात्र विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे, त्यामुळे 8 जीबीच्या पेनड्राइव्हवरून विंडोज 11 नव्याने टाकणं जास्त शहाणपणाचं.

प्रश्न (रावेरजवळचं खेडं): नवा कॉम्प्युटर चालतो, पण कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. आठवड्यातून एकदोनदा आपोआप रिस्टार्टही होतो.

उत्तर: एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोघांकडून पत्र्याकडे बारीक कपॅसिटर असतात, त्यांतून येणारी गळती अर्थिंगने जमिनीत जायची असते. अर्थिंग नसेल तर पत्रा साधारण 110 व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी असल्याने माणसाला नुसत्या झिणझिण्या येतात, पण तोच ताण यूएसबी आणि एचडीएमआय पोर्टांवरही पडतो. रिस्टार्टचं कारण यातच असेल असं नाही, तरी दुरुस्ती इथून सुरू करा.

वायरमनला बोलावून सॉकेटवर मल्टिमीटर लावा. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ यांचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ बराच कमी आला तर सॉकेटचं मोठं भोक नुसतं भोकच आहे. ते न्यूट्रलला जोडून देतो असं कोणी म्हटलं तर त्याला घरी पाठवा. न्यूट्रल तुटला की अख्खं कॅबिनेट फेजवर येतं. अर्थिंगचा खड्डा असून आकडा बिघडला असेल, तर आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये काळी माती भेगाळते आणि खड्डा कोरडा पडतो. त्यात दोन बादल्या पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.