परत आलेल्या मुलीला 'पळाली का नाहीस?' विचारू नका

प्रश्न : सातव्या वर्षी पळवून नेलेली माझी भाची नऊ वर्षांनी घरी आली. ते लोक तिला एकटीला दुकानात पाठवत, तरी ती पळाली नाही, म्हणून सगळे तेच विचारतात. ती नीट जेवत नाही, रात्री दिवा मालवू देत नाही. काय करावं?

उत्तर : ताई, तो प्रश्न घरात आजपासून बंद. 'आईबापाला तू नकोस', 'पळालीस तर त्यांना मारीन' हे रोज ऐकलेल्या मुलीला उघडं दारही बंदच वाटतं. व्हिएन्नाच्या नताशा कांपुशला २ मार्च १९९८ रोजी, दहाव्या वर्षी, एका माणसानं शाळेच्या वाटेवरून उचललं. पुढे तो माणूस तिला बाहेरही नेई. २३ ऑगस्ट २००६ रोजी ती त्याची गाडी व्हॅक्युम क्लीनरने साफ करत होती. त्याला फोन आला, आवाजामुळे तो बाजूला गेला आणि ती धावली. संधी आणि बळ एका क्षणी जुळायला साडेआठ वर्षं लागली. तो मेल्यावर ती रडली, त्यावरूनही लोकांनी तिला नावं ठेवली. भाचीनं त्या घराची आठवण काढली तर रागावू नका. पळवणाऱ्यांच्याच हातचं खाऊन ती जगली आहे.

दिवा जळू द्या. खोलीला बाहेरून कडी कधीच नको. आतली कडी तिच्या हाती असू द्या. जवळ घेण्याआधी विचारा. भाकरी की भात, तिला ठरवू द्या. उपासमार झाली असेल तर कौतुकाचं गोडधोड धोक्याचं असतं : रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम एकदम घसरून हृदयावर बेततं. आधी डॉक्टरांकडून रक्त तपासा, मग त्यांच्या सल्ल्यानं थोडं थोडं, पाचसहा वेळा द्या.

पोलिसांना कळवलं नसेल तर आजच कळवा, किंवा १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी लावा. अठराच्या आतल्या मुलीला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी सरकारी समिती) न्यावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सोखाली (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) जबाब घरी किंवा तिला हव्या त्या जागी घेतात. शक्यतो महिला अधिकारी, तीही साध्या कपड्यांत. तुम्ही खोदून विचारू नका. दहांनी दहादा विचारलं की तपशील हलतात आणि आरोपीचा वकील नेमकं तेच धरतो. ती आपणहून बोलली तर तिचेच शब्द तारखेसह लिहा. ती अंगावर घालून आली ते कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. तिचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवरही नको.

शाळेची घाई करू नका. १४ पूर्ण झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसता येतं. लिहिणं-वाचणं सरावलं की तिलाच विचारा.