मावशी, भाचीची आधी माफी मागा

प्रश्न : नमस्कार ताई. माझ्या बहिणीची मुलगी तेरा वर्षांची आहे, जन्मापासून ऐकू येत नाही, कानाला मशीन आहे पण घरात आम्ही थोडंफार खुणांनीच बोलतो. वाढदिवसाला तिला ॲन क्लेअर लझॉट यांची 'शो मी अ साइन' ही कादंबरी दिली. दोन दिवसांत संपवली आणि आता माझ्या मागे लागलीय, की मावशी, जिथे सगळ्यांनाच साइन, म्हणजे खुणांची भाषा येते, असं बेट खरंच होतं का? मी म्हटलं गोष्टीतलं असणार गं, तर रुसून बसलीय. काय सांगू तिला?
– एक मावशी, सातारा

उत्तर : मावशी, आधी माफी मागून टाका, कारण बेट खरंच आहे. मार्थाज व्हिनयार्ड, अमेरिकेत मॅसेच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ, आणि त्यावरचं चिलमार्क गावही खरं. तिथले बरेच लोक मूळचे इंग्लंडातल्या केंट भागातले, त्यांच्याबरोबर बहिरेपणाचा जीन आला, तोही असा की आईबाप दोघांकडून मिळाला तरच मूल बहिरं, त्यामुळे दोघांनाही ठणठणीत ऐकू येतंय आणि पोर मात्र बहिरं असं व्हायचं, त्यात बेट छोटं, लग्नं आपापसातच. एकोणिसाव्या शतकात चिलमार्कमध्ये साधारण २५ माणसांत एक बहिरं होतं, बाकी अमेरिकेत साडेपाच हजारांहून जास्त माणसांत एक, म्हणजे बघा.

मग काय, ऐकू येणारेही लहानपणापासून साइन शिकायचे. आणि फक्त बहिऱ्यांसाठी नाही हं, या होडीतून त्या होडीत बोलायला आरडाओरडा कोण करणार, त्यापेक्षा हात बरे! नोरा ग्रोस नावाच्या अभ्यासक बाईंनी तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलून १९८५मध्ये पुस्तक काढलं, त्यात एक किस्सा आहे तो भाचीला नक्की सांगा. गावातल्या दोन माणसांबद्दल एका आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, चांगले मच्छीमार होते हो. बहिरे होते ना, असं मुद्दाम विचारल्यावर मग त्यांना आठवलं, की हो, होते खरे दोघंही.

कादंबरीतली मेरी अकरा वर्षांची आहे, साल १८०५, आणि तिचंही हेच की आपल्यात काही कमी आहे हे तिला घरी कधी कळतच नाही. ते कळतं बहिरेपणाचं कारण शोधायला आलेला तरुण तिला नमुना म्हणून बॉस्टनला पळवून नेतो तेव्हा, कारण तिथे हातांची भाषा कुणाला येतच नाही. कान तेच, फक्त गाव बदललं. मला पुस्तकात सगळ्यात आवडलं ते हे, पळवापळवीचा थरार आहेच पण तो या गोष्टीतूनच येतो, वरून चिकटवलेला नाही. लेखिका स्वतः बहिऱ्या आहेत ते जाणवतं. तो तरुण मात्र जरा सिनेमातला व्हिलन वाटला. तो काल्पनिकच आहे, पण टेलिफोनवाले ग्रॅहम बेल १८८०च्या दशकात खरंच तिथे बहिरेपणाचा अभ्यास करत होते, त्यांनी वंशावळी गोळा केल्या तरी कोडं सुटलं नाही, कारण मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम तेव्हा कुणाला फारसे माहीतच नव्हते.

आज तिथे ती भाषा नाही, हे मात्र सांगावं लागेल. १८१७मध्ये अमेरिकेतल्याच हार्टफर्ड शहरात बहिऱ्यांची शाळा निघाली, बेटावरची मुलं तिकडे शिकायला गेली, बाहेरच्यांशी लग्नं झाली, बहिऱ्यांची संख्या कमी होत गेली. त्या परंपरेतल्या शेवटच्या बहिऱ्या बाई १९५२मध्ये वारल्या.

आता भाची पुढचं विचारेलच, की मला मेरीशी बोलता आलं असतं का? लगेच नाही, साइन सगळीकडे एक नसते. आजच्या अमेरिकन साइनमध्ये एबीसीडी एका हाताने दाखवतात, आपल्या भारतीय साइनमध्ये दोन हातांनी, तिला विचारा, ती करून दाखवेल. आणि तुमचं ते 'थोडंफार' आहे ना, तेही तिच्याकडूनच वाढवून घ्या. दुसरा भाग 'सेट मी फ्री' २०२१लाच आलाय, तो पुढच्या वाढदिवसापर्यंत ठेवू नका, रुसवा आत्ता काढायचाय.