जुन्या सायकली गोळा करून गरजूंना वाटल्या तर काम भागेल का?

माझ्या मते नाही. मी स्वतः जुन्या सायकली दुरुस्त करून देणाऱ्या एका गटात काम करते. दिलेली सायकल नंतर भिंतीला टेकून धूळ खात असेल, तर कारण बहुतेकदा किरकोळ निघतं: ब्रेकची वायर, व्हॉल्व्ह, नाहीतर चेन.

चेनचंच घ्या. फूटपट्टीचा शून्य चेनच्या कड्या जोडणाऱ्या एका पिनच्या मध्यावर ठेवा. चेन नवी असेल तर बारा इंचांच्या खुणेवर बरोब्बर आणखी एका पिनचा मध्य येतो. ती पिन खुणेच्या पुढे एक सोळांश इंच सरकली की चेन बदलायची. एक अष्टमांश होईपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दातेही गेलेले असतात, मग नवी चेन त्यावर उड्या मारते आणि दोन्ही बदलावं लागतं. पगार हातात यायला वेळ असेल तर माणूस चेन पुढे ढकलणारच, त्यात त्याचा काय दोष? म्हणून सायकली कमी वाटा, पण दुरुस्तीचा एक ठरलेला वार ठेवा आणि सुटे भाग हाताशी असू द्या. वर्ल्ड बायसिकल रिलीफ ही संस्था आफ्रिकेत 'बफेलो' नावाची दणकट सायकल देते, तेव्हा त्याच भागातले मेकॅनिकही तयार करते, ते उगाच नाही.

देताना कुलूप द्या, आणि रात्री सायकल कुठे ठेवणार हेही विचारा. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहणाऱ्याला जड सायकल देऊन उपयोग नाही.

सरकारी सवलतींकडे जरा संशयानेच बघा. ब्रिटनची 1999 पासूनची 'सायकल टू वर्क' योजना पगारातून कर लागण्याआधी सायकलीचा हप्ता कापते. पण कापून उरलेला पगार किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, त्यामुळे ज्याला किमान वेतनच मिळतं तो बाहेर! भाड्याच्या सायकलींना क्रेडिट कार्ड लागतं, तिथेही तेच. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या 'इंडेगो' या भाड्याच्या सायकल सेवेने 2015 मध्ये सुरुवातीपासूनच रोख पैसे भरायची सोय ठेवली, हे मला पटलं.

बिहारने 2006 साली नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण त्यामुळे सुमारे 32 टक्क्यांनी वाढल्याचं अभ्यासात दिसलं, आणि शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत फरक जास्त पडला. सायकल सगळ्यांना एकदमच मिळाल्याने मुली घोळक्याने जाऊ शकल्या, हेही एक कारण असावं. तुम्हीही इकडे एक, तिकडे एक देण्यापेक्षा एकाच वस्तीत किंवा एकाच पाळीच्या कामगारांना एकत्र द्या.

फुकट द्यायची की काही तास काम करून घेऊन? आमच्याकडे काही तास हात लावायला सांगतो, माणूस पंक्चर काढायला शिकतो. मात्र दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्याला ही अट घालू नका, त्याला सरळ देऊन टाका.