नवा स्पंज पांढरा पडतोय? आधी तो पाण्याबाहेर निघाला होता का ते शोधा

खारघरच्या सदस्याने विचारलंय की खाऱ्या पाण्याच्या टँकमधला नवा नारिंगी स्पंज (हा जिवंत समुद्री प्राणी) आठवडाभरात पांढरा पडायला लागला, लाइट वाढवू का? अजिबात वाढवू नका. नारिंगी-लाल झाडासारखे स्पंज उजेडावर जगत नाहीत. उलट जास्त उजेडात त्यांच्यावर शेवाळ चढतं आणि छिद्रं बुजतात. खारटपणा, तापमान वगैरे तुम्ही बघतच असाल, त्यात शिरत नाही.

माझा संशय हवेवर आहे. स्पंजच्या अंगात बारीक नळ्यांचं जाळं असतं. पाण्याबाहेर काढला की पाणी निथळून आत हवा शिरते आणि अडकून बसते. मग तेवढ्या भागात पाणी फिरत नाही, तो मरतो. माझ्याकडे नेमकं हेच झालं. दक्षिणेतून विमानाने पार्सल मागवलं होतं, कागद सगळे होते. तरी कार्गोच्या काउंटरवर पिशवी फोडली, स्पंज हाताने उचलला आणि कोरड्या ट्रेमध्ये ठेवला. मी हातापाया पडलो, निदान बादलीत पाण्याखाली ठेवून बघा. उत्तर काय, ‘साहेब जेवायला गेलेत.’ साहेब येईपर्यंत तो तसाच. ठाण्याला आणून टँकमध्ये सोडला तेव्हा रंग झकास होता, तिथेच माणूस फसतो. नंतर टोकाला पांढुरका डाग, त्यावर कोळिष्टकासारखा पापुद्रा, मग सगळाच सडला, अमोनिया चढला आणि मासेही गेले. तपासणी जरूर करा हो, पण जिवंत माल कसा हाताळायचा हे तिथल्या एकाला तरी शिकवायला नको? आजही आठवलं की संताप होतो.

आता तुमचं. मी तज्ज्ञ नाही, माझ्या टँकवरून सांगतोय. डाग लहान असेल तर त्याच्या खालून, चांगल्या भागातून, धारदार ब्लेडने कापा, आणि तेही पाण्याखालीच. बुळबुळीत होऊन वास यायला लागला असेल तर मोह सोडा, काढून टाका. अमोनिया रोज तपासा, फिल्टरमध्ये कार्बन (पाणी स्वच्छ करणारा कोळसा) लावा. खाण्याला गोठवलेली कोळंबी उपयोगाची नाही. याला जीवाणूंएवढे बारीक कण लागतात. फायटो (सूक्ष्म शेवाळाचं द्रवरूप खाद्य) थोडं थोडं द्या, तेवढा वेळ स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) बंद.

जाता जाता, ‘टँकसाठी खाडीचं पाणी फुकट मिळतं’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पावसाळ्यात ठाणे खाडीचा खारटपणा पार उतरतो, शिवाय सांडपाणी. संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) पांढरे, छोट्या अननसासारखे स्पंज आपोआप उगवले तर खरवडू नका, ते निरुपद्रवी असतात.

डाग टोकाकडून सुरू झालाय की बुडाकडून, आणि दुकानदाराने तो जाळीने उचलला होता का, एवढं कळवा.