दक्षिणेत दुपारी देऊळ बंद : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आई-वडील सत्तरीचे. डिसेंबरअखेर दहा दिवसांत तंजावर, मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी आणि जमलं तर उटी-मुन्नार असा बेत आहे. क्रम कसा लावावा? (नाशिक)

उत्तर : आधी उटी-मुन्नार खोडा. घाट चढण्या-उतरण्यातच दोन-तीन दिवस जातील आणि सत्तरीच्या माणसांना त्या वळणांचा त्रास होतो तो वेगळाच. उरलेल्या चार ठिकाणांना दहा दिवस बेताचे पुरतात.

तिरुचिरापल्लीला उतरा. तिथून तंजावर साधारण ६० किमी, पुढे मदुराई १९०, रामेश्वर १७५, कन्याकुमारी ३१० आणि शेवटी तिरुवनंतपुरम ९०. परतीला तिथून कोकण रेल्वेने येणारी नेत्रावती आहे, म्हणजे आल्या वाटेने मागे फिरायला नको. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. आई-वडिलांचं तिकीट मात्र वेगळं काढा. ज्येष्ठांचा खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघांना आणि तेही दोघं त्या वयात बसत असतील तरच लागतो. सगळ्यांची नावं एकत्र घातली की तो हातचा गेला.

तमिळनाडूत बेत फिसकटतो तो दुपारी. बहुतेक मोठी देवळं साडेबाराच्या सुमारास बंद होतात ती चारला उघडतात. सकाळी दहाला निघून एकला पोचणारा माणूस बंद दारासमोर बसतो. म्हणून गाव बदलायचं ते याच वेळेत, आणि दर्शन सकाळी नऊच्या आत. तंजावरच्या बृहदीश्वराचं आवार उघडं आहे. उन्हं चढली की फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. आवाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. गाईड बहुधा तिकडे नेत नाहीत, आपणहून विचारा. देऊळ मिटलं की राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय पाहून घ्या. मदुराईला मीनाक्षी मंदिरात मोबाईल नेता येत नाही. तो खोलीवरच ठेवलात तर बाहेरच्या जमा-खिडकीची रांग वाचते.

रामेश्वरला आधी समुद्रात, म्हणजे अग्नितीर्थावर, स्नान करायचं आणि मग मंदिरातल्या २२ तीर्थांवर. प्रत्येक विहिरीवर माणूस बादलीने पाणी ओततो. सगळा मार्ग ओला असतो आणि पाय घसरतो तो इथेच. वडिलांचा हात धरायला एक जण मोकळा ठेवा. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडे सोडत नाहीत, तेव्हा कोरडा जोड पिशवीत हवा. आईंना सुती नऊवारी नको, भिजली की चालवत नाही. रामेश्वर बेटाला जोडणारा पांबनचा जुना रेल्वेपूल २०२२च्या डिसेंबरपासून बंद होता. ६ एप्रिल २०२५ला नवा सुरू झाला, त्यामुळे रेल्वे पुन्हा थेट रामेश्वरपर्यंत जाते. ‘पुलाअलीकडच्या मंडपमला उतरा’ हा जुना सल्ला विसरा.

तारखांबद्दल एवढंच की ऑक्टोबर ते डिसेंबर हा तमिळनाडूचा खरा पावसाळा, आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत शबरीमलाचे भाविक ही सारी ठिकाणं भरून टाकतात. रजा सरकवता येत असेल तर जानेवारीचा शेवटचा आठवडा धरा.

प्रश्न : तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पँट-शर्ट चालतो का? सलवार-कमीज? (सांगली)

उत्तर : दोन्ही चालत नाहीत. पुरुषांना मुंडू, म्हणजे केरळी पांढरी लुंगी, आणि वर उघडं अंग. बायकांना साडी किंवा परकर-पोलकं. सलवार असेल तर तिच्यावर मुंडू गुंडाळून आत जाता येतं. मुंडू बाहेर भाड्याने मिळतो, पण विकत घेणंच बरं, कारण पुढे केरळात इतरत्रही लागतो. दोन मीटरचा एकेरी पातळ असतो, आतलं दिसतं, दुहेरी घ्या. सवय नसलेल्यांचा तो सुटतो, कारण कमरेला नुसती गाठ मारलेली असते. वरून पट्टा आवळा किंवा सरळ वेलक्रोचा मागा. त्यात कमीपणा काही नाही, तिथली तरुण मुलंही सर्रास तोच नेसतात.

प्रश्न : म्हैसूरहून स्वतःच्या गाडीने उटीला संध्याकाळी निघालो तर? (कोल्हापूर)

उत्तर : निघू नका. बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. उशीर झाला तर फाटकापाशी रात्र काढावी लागेल किंवा मागे फिरावं लागेल. सकाळी निघा आणि गुडलूरवरून जा. मसिनगुडीकडचा कल्हट्टी घाट नकाशात जवळचा दिसतो, पण त्यात ३६ तीव्र वळणं आहेत. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. ब्रेक तापले की दाबूनही लागत नाहीत. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं.

मे २०२४पासून निलगिरी जिल्ह्यात, म्हणजे उटीलाही, गाडीला ई-पास लागतो. तो फुकट आहे, गाडीच्या नंबरावर निघतो, पण गर्दीच्या हंगामात रोजच्या गाड्यांवर मर्यादा असते. राहण्याची जागा नक्की झाली की लगेच काढा. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या नाक्यावर काढून घेतात. स्टीलची भरून न्या.

प्रश्न : कर्नाटकात बायकांना बस फुकट आहे म्हणे. आम्हालाही? (लातूर)

उत्तर : नाही. कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं, आपलं आधार तिथे चालत नाही. तमिळनाडूत साध्या टाऊन बसही बायकांना फुकट आहेत आणि तिथे पत्ता विचारत नाहीत. लांब पल्ल्याच्या गाडीला मात्र तिथेही तिकीट काढावं लागतं.