क्वालिटीत दिवसभर नुसती मापंच घ्यायची का?

प्रश्न : मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक कारखाना मला क्वालिटी विभागात ट्रेनी म्हणून घेतोय. मित्र म्हणतात, तिथे दिवसभर व्हर्नियर धरून पीस मोजायचे, त्यापेक्षा प्रॉडक्शनला जा. शिवाय जाहिरातीत कुठे क्यूसी असतं, कुठे क्यूए. दोन्ही एकच का?

उत्तर : एकच नाहीत. तयार झालेला किंवा होत असलेला माल तपासून चांगला-वाईट ठरवणं हे क्यूसी, म्हणजे क्वालिटी कंट्रोल. माल मुळात बिघडूच नये म्हणून पद्धत बसवणं हे क्यूए, म्हणजे क्वालिटी अ‍ॅश्युरन्स : मशीनचं सेटिंग, तपासणीचं वेळापत्रक, गेजचं कॅलिब्रेशन (मोजायची साधनं बरोबर दाखवतात का याची पडताळणी), पुरवठादाराची पारख. लहान कारखान्यात दोन्ही एकाच माणसाच्या गळ्यात असतं, म्हणून पदाच्या नावावर जाऊ नकोस.

आता मोजण्याबद्दल. ५० मिमीचा स्टीलचा शाफ्ट मशीनवरून गरम गरम उतरवून मोजलास, समज तो ४० अंशांवर आहे. मापाचं प्रमाणित तापमान २० अंश सेल्सिअस. तेवढ्या फरकाने शाफ्ट सुमारे ११ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) फुगलेला असतो, आणि एच-सहा (h6) या टॉलरन्सच्या शाफ्टला मापात सगळी मिळून सूट असते १६ मायक्रॉनची! तुझ्या हातात पास झालेला पीस थंड झाल्यावर अंडरसाइज, म्हणजे हव्या मापापेक्षा बारीक, निघू शकतो. ज्याला हे कळतं त्याचं मोजणं वेगळं असतं. मित्रांना हे जरूर सांग.

खरी गंमत त्यापुढे आहे. १९२४ मध्ये अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी कंट्रोल चार्ट मांडला. ठरावीक वेळाने घेतलेली मापं आलेखावर मांडत जायची. सगळे पीस सूटीत बसत असले, तरी ओळीने सात-आठ ठिपके एकापेक्षा एक वर सरकत गेले की समजावं, बहुतेक टूल झिजतंय. एकही रिजेक्शन व्हायच्या आत मशीन थांबवता येतं. इथे एक घोळ कायम होतो : चार्टवरच्या मर्यादा प्रोसेसच्या स्वतःच्या चढउतारातून येतात, ड्रॉइंगवरची सूट ग्राहकाच्या गरजेतून. हा फरक पक्का कर, मुलाखतीत हमखास विचारतात.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगते. गाडी भरायला उभी आहे, सुपरवायझर म्हणतोय ‘एवढं चालतं’, आणि सही तुझी हवी आहे, असा प्रसंग येतोच. तेव्हा आवाज न चढवता मापाचा कागद पुढे ठेवून माल अडवता आला पाहिजे. सतत कोणालाच नाराज न करण्याचा तुझा स्वभाव असेल, तर हे काम जड जाईल. त्याचा आत्ताच विचार कर.

पहिल्या वर्षी मायक्रोमीटर, बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन), ड्रॉइंगवरची जिओमेट्रिक टॉलरन्सची (आकार आणि जागा किती चुकलेली चालेल याची) चिन्हं आणि थोडं संख्याशास्त्र, एवढं पुरे. सिक्स सिग्मा या दोष कमी करण्याच्या पद्धतीच्या ‘बेल्ट’ नावाच्या सर्टिफिकेटांवर इतक्यात पैसे घालू नकोस. शॉप फ्लोअरचा अनुभव नसेल तर त्यातलं अर्धं डोक्यावरून जातं.

होकार देण्याआधी त्या कारखान्यात एकच विचार : “पीस रिजेक्ट झाला की पुढे काय करता?” ‘लाल पेटीत टाकतो’ एवढंच उत्तर मिळालं, तर तुझे मित्र बरोबर आहेत. कारण शोधलेलं आणि उपाय केलेला एखादा जुना रिपोर्ट त्यांनी काढून दाखवला, तर बिनधास्त रुजू हो.