वेबसाइट हवीच, पण चाळीस हजारांची नको

पत्र : आम्ही वसईचे कॅथलिक. मुलगी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. बायबलमधल्या वचनांचं सुलेखन, लग्नपत्रिका, बाप्तिस्म्याच्या मेणबत्त्या सजवणं असं काम ती करते आणि पुढे यातच व्यवसाय करायचा म्हणते. वेबसाइटचे एकाने ४० हजार सांगितलेत. माझे दीर म्हणतात, ‘ख्रिस्ती’ असं ठळक लिहू नका, गिऱ्हाईक कमी होईल. पैसे घालावेत का? की तिने सरळ नोकरी धरावी? – एक आई

उत्तर :

ताई, आधी दिरांच्या शंकेचं बघू, कारण बाकीचं बरंचसं त्यावरच ठरतं. बाप्तिस्म्याची मेणबत्ती शोधणारा माणूस ख्रिस्तीच असणार, त्याच्यापासून लपवायचं काय? उलट नुसतं ‘ख्रिस्ती कला’ लिहूनही भागणार नाही. तुमच्याकडे भिंतीवरच्या क्रूसावर येशूची मूर्ती लागते, तर प्रोटेस्टंट घरांत बहुधा साधा, रिकामा क्रूस. मरियामातेच्या नोव्हेनाचं (नऊ दिवसांच्या प्रार्थनेचं) कार्ड त्यांना चालत नाही. प्रोटेस्टंटांचं अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये अहमदनगरला आलं, तेव्हापासून तिकडे मराठीतून प्रार्थना करणाऱ्या मंडळ्या आहेत. तेही तिचे ग्राहक होऊ शकतात. म्हणून कोणती वस्तू कोणत्या विधीसाठी आहे आणि क्रूस कसा आहे, हे फोटोखाली स्पष्ट लिहायला सांगा. चुकीची वस्तू घरी पोचली तर ती परतही येते आणि नावही जातं.

कलाशाखेची मुलं साइटची मांडणी कॉलेजच्या प्रदर्शनासारखी करतात : सुलेखन, रेखाटन, छपाई. नवरीची आई अशी शोधते का? तिला ‘लग्न’ हवं असतं. तेव्हा पानं प्रसंगांप्रमाणे पाडावीत : लग्न, बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तप्रसाद (मुलाने पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा विधी), नाताळ, स्मरणकार्ड (गेलेल्या माणसाच्या आठवणीचं). प्रत्येक पानावर दिवसाच्या उजेडात काढलेले चार-पाच फोटो, माप, किंमत, कमीत कमी किती प्रती आणि किती दिवसांत मिळेल एवढं असू द्या. ‘किमतीसाठी संपर्क करा’ हे मला अजिबात आवडत नाही. नक्की आकडा देता येत नसेल तर ‘अमुक रुपयांपासून’ लिहावं, पण लिहावं. खाली व्हॉट्सॲपचं बटण आणि यूपीआय. सुरुवातीला ऑनलाइन दुकानाची गरज नाही.

मजकूर युनिकोड मराठीतच टाइप करायचा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर तसाच चिकटवला की पडद्यावर अक्षरांचा काला होतो. सुंदर सुलेखन नुसतं चित्र म्हणून टाकलं तर शोधणाऱ्याच्या हाती ते सहसा लागत नाही, म्हणून त्याखाली तेच वचन टाइप करून ठेवावं. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले चांगले देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात. शिवाय आखातात किंवा कॅनडात असलेल्या नातेवाइकांच्या मुलांना मराठी वाचता येतंच असं नाही, त्यांच्यासाठी इंग्रजी पान वेगळं.

वचनांबाबत एक काळजी घ्या. बायबल जुनं असलं तरी आजची बहुतेक मराठी भाषांतरं स्वामित्वहक्काखाली आहेत. विकायच्या वस्तूवर ती छापण्याआधी प्रकाशकाची लेखी परवानगी घ्यावी. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या कविता कोणालाही वापरता येतात. मराठी ख्रिस्ती घरांत त्यांच्या ओळी पाठ असतात, तिथून सुरुवात करायला हरकत नाही. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या मुलांचे फोटो टाकताना पालकांना विचारावं. आणि ‘फादरांचा आशीर्वाद घेऊन पाठवू’ असलं काही जाहिरातीत घालू नये. आशीर्वाद विकता येत नाही, तुमच्या धर्मग्रामातले (चर्चच्या हद्दीतले) फादर हेच सांगतील.

वेळेचं गणित तिला आत्ताच शिकवा. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. या काळात घरी लावायचं चार मेणबत्त्यांचं चक्र हवं असणारा ते त्याआधी घेणार, म्हणजे नाताळचं पान ऑगस्ट-सप्टेंबरात तयार हवं. गूगलला नवी साइट सापडायलाही वेळ लागतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळात कॅथलिक लग्नं सहसा होत नाहीत. ते आठवडे नवे नमुने करायला आणि फोटो काढायला वापरावेत.

आता ४० हजार. पाच-सात पानांची अशी साइट तयार साच्यावरून ती स्वतः करू शकते, सुट्टीतले काही आठवडे पुरतील. डोमेनला, म्हणजे साइटच्या पत्त्याला, वर्षाला साधारण हजाराच्या आसपास लागतात, होस्टिंगचे (साइट ठेवायच्या जागेचे) वेगळे. उद्या कोणाकडून करून घेतलीच, तरी डोमेन तिच्याच नावावर आणि तिच्याच ईमेलवर हवं. ते बनवणाऱ्याच्या नावावर राहिलं की भांडण झाल्यावर पत्ताच हातून जातो. वस्तू परराज्यात पाठवायला लागण्याआधी जीएसटीचं एखाद्या सीएला विचारून घ्या.

नोकरीचं म्हणाल तर तिने धरावी, निदान दोन वर्षं. छपाईचे दर, कागदाची पारख, ग्राहकाशी बोलणं हे एखाद्या डिझाइन स्टुडिओत पगार घेऊन शिकता येतं. साइट तेव्हाही चालू राहील आणि मुलाखतीत तीच पोर्टफोलिओ म्हणून दाखवता येईल. नाताळची कार्डं तर तिच्या वर्गातली इतर मुलंही करत असतील, पण कच्ची रेखाटनं आणि फसलेले नमुने दोन-तीन कामांखाली ठेवले तर तिचा विचार कळतो, आणि नोकरी देणारे तोच बघतात.

आणि मुलीच्या यादीत लग्न, बाप्तिस्मा दिसतो, स्मरणकार्डं मात्र नाहीत. महिन्याच्या मिस्सेला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला), वर्षश्राद्धाच्या मिस्सेला ती वाटतात आणि हे काम बाराही महिने येतं. घरात दुःख असताना कोणी रंग निवडत बसत नाही. त्या पानावर फक्त दोन-तीन साधे नमुने, फोटो आणि तारखा कुठे पाठवायच्या ते, आणि सगळ्यात वर फोन नंबर ठेवा.